हेन्री ब्लेक घरी का पोचला नाही? ‘मॅश’च्या ‘अ‍ॅबिसिनिया, हेन्री’ या भागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मॅश’बद्दल मी लिहिते म्हटल्यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते या एका भागाबद्दल. काही लोक नुकताच भाग बघून रात्री उशिरा लिहितात, आणि त्यांच्या पहिल्याच ओळीत राग असतो. काही जणांनी तो कित्येक वर्षांपूर्वी पाहिलेला असतो, तरी राग तोच. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ही मालिका कोणती आणि हा भाग त्यात कुठे येतो?

‘मॅश’ ही सीबीएस वाहिनीवरची अमेरिकन मालिका. १७ सप्टेंबर १९७२ला सुरू झाली, २८ फेब्रुवारी १९८३ला संपली. ११ पर्व, २५६ भाग. काळ १९५० ते १९५३चा, कोरियातल्या युद्धाचा. आघाडीच्या मागे तंबूंत थाटलेलं लष्कराचं फिरतं शस्त्रक्रिया रुग्णालय, क्रमांक ४०७७, आणि तिथले डॉक्टर, परिचारिका, कारकून, पाद्री ही त्यातली माणसं. दिवसभर रक्तात हात बुडालेले आणि उरलेल्या वेळात डोकं ठिकाणावर राहावं म्हणून केलेला वात्रटपणा, असं तिचं रूप.

‘अ‍ॅबिसिनिया, हेन्री’ हा तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग. १८ मार्च १९७५ला दाखवला गेला. लेखन एव्हरेट ग्रीनबॉम आणि जिम फ्रिट्झेल यांचं, दिग्दर्शन लॅरी गेलबार्ट यांचं.

२. मी अजून पाहिला नाही. आधी वाचलं तर चालेल का?

नाही. इथेच थांबा, भाग बघा, मग या. पुढच्याच उत्तरात सगळं उघड होतं. आणि नुसता हा एक भाग लावू नका; का, ते प्रश्न १५मध्ये आहे.

३. शेवटी नक्की काय होतं? मला नीट ऐकूच आलं नाही.

असं लिहिणारे बरेच आहेत. बहुतेकांना ऐकू आलेलं असतं, विश्वास बसलेला नसतो.

लेफ्टनंट कर्नल हेन्री ब्लेक हा या रुग्णालयाचा प्रमुख. डोक्यावर माशांचे गळ खोचलेली टोपी, हुकूम देताना चाचरणारा, भला माणूस. त्याची सेवा पुरी होते आणि घरी जायचा आदेश येतो. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला बायको वाट बघते आहे. मित्र त्याला निरोपाची पार्टी देतात, नवा सूट भेट देतात. निघायच्या वेळी क्लिंगर, म्हणजे सैन्यातून सुटका व्हावी म्हणून बायकांचे कपडे घालून वावरणारा जवान, डोक्यावर फळांचा ढीग रचून हजर होतो. हेन्री हेलिकॉप्टरपाशी पोचतो, मागे वळून बघतो, तर रडार सलाम ठोकून उभा. रडार त्याचा कारकून, वयाने पोरगा, साहेब बोलायच्या आत साहेबाला काय हवं ते ओळखणारा. हेन्री परत धावत येतो, त्याला मिठी मारतो, नीट वाग म्हणून दटावतो आणि जातो. इथे भाग संपायला हवा. डोळे जरा ओले झालेले असतात, पण मन भरलेलं असतं.

मग शस्त्रक्रियेच्या तंबूत सगळे नेहमीसारखे काम करत असताना रडार आत येतो. त्याने मास्क लावलेला नाही. तो हातातला निरोप वाचतो: हेन्री ब्लेकचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कोणीही वाचलं नाही. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून फिरतो. कोणाचेही हात थांबत नाहीत, कारण टेबलावर माणसं उघडी पडलेली आहेत. डोळे तेवढे भरतात.

४. युद्धाची मालिका आहे, माणसं मरणारच. मग प्रेक्षक एवढे का चिडले?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेत मुख्य पात्र असं मरत नसे. नट सोडून गेला तर त्याच्या पात्राची बदली व्हायची, लग्न व्हायचं, किंवा पुढच्या पर्वात त्याचं नावच निघायचं नाही. प्रेक्षकाशी तसा एक न बोललेला करार होता: हा अर्धा तास तुझा, इथे तुला दुखणार नाही. त्या रात्री तो मोडला.

दुसरी गोष्ट, मालिकेत तोवर अनेक जवान मेले होते, पण ते त्या आठवड्यापुरते आलेले चेहरे होते. हेन्री तीन वर्षं घरी येत होता. आणि तो मेला तो आघाडीवर नाही, घरच्या वाटेवर. युद्ध त्याच्यापुरतं संपलेलं असताना. गोळी लागून, मित्राच्या मांडीवर, दोन शब्द बोलून मेला असता तर त्याच प्रेक्षकांनी रडून माफ केलं असतं, असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. मृत्यू आपल्याला दिसतच नाही. विमान नाही, स्फोट नाही, मृतदेह नाही, पार्श्वसंगीत नाही. फक्त एक कागद. आपल्याकडे याला समजावून सांगावं लागत नाही. दारात तारवाला दिसला की कागद उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, हे ज्यांच्या घरात घडलं आहे त्यांना तो तंबू ओळखीचा वाटतो. सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी आपशिंग्यासारख्या, घरटी सैनिक देणाऱ्या गावांना युद्ध कळायचं ते असंच. दोन ओळी आणि सहीचं पुस्तक. आपली तार सेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, पण ‘तार आली’ या दोन शब्दांतली धडधड अजून भाषेत आहे. त्या रात्री अमेरिकेतल्या लाखो घरांत एकाच वेळी तार आली. लोकांचा संताप झाला तो त्यामुळे. बातमी देणाऱ्यावर माणूस आधी ओरडतोच.

म्हणून ‘प्रेक्षक फार हळवे होते’ किंवा ‘त्यांना कला कळली नाही’ हे म्हणणं मला पटत नाही. ते चिडले, कारण त्यांना नेमकं कळलं होतं.

५. पत्रं आली म्हणतात. किती, आणि काय लिहिलं होतं?

हजाराहून जास्त. आज हा आकडा छोटा वाटेल, पण यातलं प्रत्येक पत्र कोणीतरी कागद घेऊन, बसून, तिकीट लावून पाठवलेलं होतं. बहुतेकांत दुःख आणि राग होता. सूर साधारण असा: आम्ही हसायला बसलो होतो, मुलं शेजारी होती, तुम्ही हे का केलंत? काहींनी कौतुकही केलं. पुन्हा कधी ही मालिका बघणार नाही, असंही लोकांनी कळवलं.

निर्माते जीन रेनॉल्ड्स आणि लॅरी गेलबार्ट यांनी खूपशा पत्रांना स्वतःच्या हाताने उत्तरं लिहिली. मला या सगळ्या कहाणीतली ही गोष्ट फार मोलाची वाटते. छापील मजकूर पाठवून मोकळं होता आलं असतं. ज्याने मनापासून शोक केला त्याला मनापासून उत्तर द्यायला हवं, एवढं त्यांना कळलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की हेन्रीने ब्लूमिंग्टनला परत जाऊन सुखाने आपल्या क्लबात बसावं हे त्यांना नको होतं, कारण कितीतरी जण परत गेलेच नाहीत.

६. नटाने मालिका सोडली म्हणून सूड उगवायला पात्र मारलं, हे खरं का?

ही समजूत चिवट आहे. मॅक्लीन स्टीव्हन्सन यांना दुय्यम भूमिकेतून बाहेर पडून स्वतःच्या नावावर मालिका हवी होती; त्यांनी जायचं ठरवलं, हे खरं. हेन्री जाणार हे त्यामुळे नक्की झालं. कसा जाणार हे मात्र लेखन-निर्मितीच्या बाजूने ठरवलं, आणि त्यांना त्यातून युद्धाबद्दल बोलायचं होतं. सूडच घ्यायचा असता तर आधीची वीस मिनिटं इतक्या मायेने लिहिली गेली नसती. ती मिठी, तो सूट, ती फळं, हे सगळं प्रेम आहे.

तरी स्टीव्हन्सन दुखावले गेले, हेही खरंच. शेवटचं दृश्य टिपलं जात असताना ते तिथेच होते. आपल्या पात्राचा मृत्यू त्यांना असा कळला. त्यांच्या पुढच्या मालिका फारशा टिकल्या नाहीत आणि ‘मॅश’ सोडणं चूक होती, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने मान्य केलं. निर्मात्यांचा निर्णय मला बरोबर वाटतो. तो ज्या रीतीने त्यांच्यापर्यंत पोचला, ती रीत नाही.

७. बाकीच्या कलाकारांना खरंच काही माहीत नव्हतं?

संहितेचं शेवटचं पान कोणालाही दिलेलं नव्हतं. सगळं चित्रण उरकल्यावर गेलबार्ट यांनी कलाकारांना एकत्र बोलावून ते पान दाखवलं. हॉकआयची, म्हणजे मालिकेतल्या मुख्य डॉक्टरची, भूमिका करणाऱ्या अ‍ॅलन आल्डा यांना तेवढं आधी ठाऊक होतं. म्हणजे कॅमेरा सुरू होताना काय घडणार हे सगळ्यांना कळलेलं होतं, पण ते पचवायला वेळ मिळालेला नव्हता. ‘कॅमेऱ्यासमोरच पहिल्यांदा ऐकलं’ असं जे सांगितलं जातं ते थोडं वाढवून सांगितलेलं आहे.

त्यातही आपण बघतो ते दृश्य दुसऱ्यांदा टिपलेलं आहे. पहिल्या वेळी तांत्रिक अडचण आली. रडार झालेल्या गॅरी बर्गहॉफ यांना तोच निरोप, तोच सपाट आवाज पुन्हा आणावा लागला. ते रडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. वाचता येणारा मुलगा समोरचा कागद वाचतो, बस. माझ्या मते मालिकेच्या अकरा वर्षांतला हा सर्वोत्तम अभिनय आहे.

८. निरोप वाचून झाल्यावर काहीतरी खाली पडल्याचा आवाज येतो. तो मुद्दाम घातलाय का?

नाही. ते दृश्य दुसऱ्यांदा टिपताना कोणाच्या तरी हातून शस्त्रक्रियेचं हत्यार खरोखरच निसटलं. शांततेत तो खणखणाट झाला आणि तो तसाच ठेवला गेला. पुन्हा बघाल तेव्हा आवाज मोठा ठेवा.

९. इतर वेळी मागे हशा ऐकू येतो, इथे का नाही?

ध्वनिमुद्रित हशा वाहिनीला हवा होता, निर्मात्यांना नको होता. तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या तंबूत हशा कधीच वाजणार नाही. हा नियम पहिल्यापासून होता, या भागासाठी केलेला नाही. पण त्यामुळे प्रेक्षकाच्या कानाला सवय लागली होती: हशा थांबला म्हणजे काम सुरू. रडार आत येतो ते त्या शांततेत. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हशाशिवायच दाखवली. ज्यांना तशी प्रत मिळते त्यांनी जरूर ती बघावी.

१०. नावाचा अर्थ काय? यात इथिओपियाचा काय संबंध?

काही नाही, कोटी आहे. अ‍ॅबिसिनिया हे इथिओपियाचं जुनं नाव. इंग्रजीत ‘आय विल बी सीइंग या’, म्हणजे ‘भेटू पुन्हा’, हे घाईत म्हटलं की तसं ऐकू येतं, आणि हेन्रीच्या पिढीत निरोप घेताना असं गमतीने म्हणायची पद्धत होती. आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, अगदी तसं. हेन्री ‘येतो’ म्हणून गेला. शेवट माहीत असताना हे नाव पुन्हा वाचलं की पोटात खड्डा पडतो.

११. घरी जाणारं विमान जपानच्या समुद्रावर कसं? आणि त्याला मध्येच घरी कसं सोडलं?

कोरिया आणि जपान यांच्यामध्ये तोच समुद्र आहे, आणि अमेरिकेला जाणारा माणूस आधी जपानलाच जायचा. हेन्री निघतो तोही टोकियोमार्गे. मध्येच सोडलं असं नाही. १९५१पासून अमेरिकी सैन्यात गुणांची पद्धत होती: आघाडीवरच्या माणसाला महिन्याला ४ गुण, मागच्या बाजूच्याला २. ठरलेले गुण भरले की घरी. कथेत हेन्रीचे गुण भरलेले आहेत.

१२. हे खरं तर व्हिएतनामबद्दल आहे ना?

दोन्हींबद्दल आहे, आणि त्यातलं एक निवडायची गरज नाही. मालिका सुरू झाली तेव्हा अमेरिका व्हिएतनाममध्ये होती. कोरियाचं नाव घेतल्यामुळे जे थेट बोलता आलं नसतं ते बोलता आलं.

या भागाच्या बाबतीत तारखा शेजारी ठेवून बघा. १८ मार्च १९७५ला तो दाखवला गेला. ४ एप्रिलला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावजवळ व्हिएतनामी अनाथ मुलांना घेऊन निघालेलं अमेरिकी लष्करी विमान कोसळलं, त्यात शंभराहून जास्त जीव गेले, कितीतरी लहान मुलं होती. ३० एप्रिलला सायगाव पडलं. म्हणजे काल्पनिक हेन्रीसाठी लिहिलेल्या पत्रांच्या आसपासच खऱ्या विमानाची बातमी वर्तमानपत्रांत आली. प्रेक्षकांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. ओळखीच्या एका माणसाचं मरण जितकं लागतं तितकं अनोळखी शंभरांचं लागत नाही, आणि युद्धं लांबतात त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे. निर्मात्यांनी आपल्याला ओळखीचा माणूस दिला आणि मग काढून घेतला.

१३. कोरियाच्या युद्धाशी आपला काही संबंध होता का?

होता, आणि तोही नेमका वैद्यकीय. भारताने लढायला पलटण पाठवली नाही, रुग्णालय पाठवलं. ६०वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली नोव्हेंबर १९५०मध्ये कोरियात पोचली. २३ मार्च १९५१ला मुनसानजवळ अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर या तुकडीतल्या डॉक्टरांनी आणि जवानांनीही उड्या मारल्या आणि जमिनीवर उतरून शस्त्रक्रिया केल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. म्हणजे हेन्री, हॉकआय ज्या काळात तंबूत उभे आहेत असं मालिका दाखवते, त्याच काळात त्याच चिखलात आपले डॉक्टर होते.

मराठी माणसाने आणखी एक नाव लक्षात ठेवावं. युद्धविरामानंतर मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायचं काम भारतीय अभिरक्षा दलाकडे आलं. त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. कैद्यांबाबत निर्णय करणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. कैद्यांचे दंगे, दोन्ही बाजूंचा संशय, आणि शक्यतो गोळी न चालवता सगळं निभावायचं. यावर आपल्याकडे एखादी मालिका व्हायला हवी, असं मला फार वाटतं.

१४. हेन्री वाचला असेल आणि परत येईल असं वाटत होतं. तो कधी आला का?

मालिकेत नाही. भाग दाखवल्यावर काही दिवसांनी स्टीव्हन्सन दुसऱ्या एका विनोदी कार्यक्रमात धुरकटलेल्या तराफ्यावर बसून ‘मी ठीक आहे’ असं ओरडताना दिसले. ‘मॅश’च्या निर्मात्यांनी हा जो शेवट इतक्या गांभीर्याने केला होता, त्याच्याशी हे जुळत नाही. मी ते धरत नाही.

पुढच्या पर्वात त्याच्या जागी हॅरी मॉर्गन यांचा कर्नल पॉटर आला: जुना घोडदळातला माणूस, शिस्तीचा आणि कनवाळू. हेन्रीची नक्कल करायचा प्रयत्न झाला नाही, म्हणून लोकांनी त्याला स्वीकारलं. हॉकआयचा जिवलग डॉक्टर मित्र ट्रॅपर जॉन झालेले वेन रॉजर्स यांचाही हा शेवटचाच भाग, पण ते कोणाला तेव्हा माहीत नव्हतं. ट्रॅपर पुढच्या पर्वाच्या सुरुवातीला हॉकआयचा निरोप न घेताच गेलेला असतो.

एक योगायोग बरेच जण विचारतात, तो खरा आहे. १९७०च्या ‘मॅश’ चित्रपटात हेन्री ब्लेक झालेले रॉजर बोवेन आणि मालिकेतले स्टीव्हन्सन हे दोघेही फेब्रुवारी १९९६मध्ये, एका दिवसाच्या अंतराने, हृदयविकाराने गेले.

१५. फक्त हा एकच भाग पाहिला तर चालेल का? आणि मुलांबरोबर बघू का?

नुसता हा एक भाग बघू नका. तीन वर्षांची ओळख नसेल तर हे दृश्य नुसती बातमी होते. पहिली तीन पर्वं बघता आली तर उत्तम. वेळ नसेल तर निदान पहिल्या पर्वातला ‘समटाइम्स यू हिअर द बुलेट’ आधी बघा. तो जानेवारी १९७३चा. त्यात हॉकआयचा मित्र टेबलावर मरतो आणि कोसळलेल्या हॉकआयला हेन्री समजावतो की युद्धाचा पहिला नियम म्हणजे तरुण माणसं मरतात, आणि दुसरा असा की डॉक्टरांना पहिला नियम बदलता येत नाही. हे बोललेला माणूस दोन वर्षांनी स्वतः त्या नियमात सापडतो. हा धागा हाताशी असला की शेवटचा कागद वेगळा ऐकू येतो.

मुलांबद्दल: दहा-बारा वर्षांच्या पुढे असतील तर बघा, पण शेजारी बसा आणि लगेच दुसरं काही लावू नका. १९७५च्या पत्रांतली ‘मुलं शेजारी होती’ ही तक्रार मला रास्त वाटते, कारण त्या आईबापांना तयारी करायला कोणी वेळ दिला नव्हता. तुम्हाला तो आहे.

आणि रडार बाहेर गेला की पडदा बंद करू नका. त्यानंतर हेन्रीच्या जुन्या भागांतले हसरे तुकडे येतात. ती टोपी, ते चाचरणं, ते भाबडं हसू. काहींना ते नकोसे वाटतात, मला हवेसे वाटतात. ते संपेपर्यंत बसा.